गाडीतला तंबोरा आणि तीन डेसिबल

गाडीत ख्याल लावला की सर्वांत आधी तंबोरा नाहीसा होतो. गाडी उभी असते, काचा वर असतात, तेव्हा तो स्पष्ट असतो. चारही तारा वेगळ्या मोजून घ्याव्यात इतका. गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडते, तिसरा गिअर पडतो आणि तंबोरा पातळ होऊ लागतो. ताशी पन्नासच्या पुढे तो उरतच नाही. गायक मात्र त्या तंबोऱ्यावरच उभा असतो. विलंबितात दोन स्वरवाक्यांच्या मध्ये तो थांबतो तेव्हा मैफलीत पोकळी नसते, तंबोरा असतो. गाडीत त्या जागी टायरची घरघर येऊन बसते. मग आपला हात आवाजाच्या बटणाकडे जातो. थोड्या वेळाने तान येते, कानावर आदळते, हात पुन्हा बटणाकडे. पुण्याहून निघालेला माणूस खोपोलीपर्यंत श्रोता राहिलेला नसतो, ध्वनिव्यवस्थापक झालेला असतो.

या त्रासावर बाजारात एकच औषध मिळते: जास्त वॉट. दुकानात जाऊन ‘आवाज नीट येत नाही’ असे सांगितले की समोर अ‍ॅम्प्लिफायर आणि डिकीभर सबवूफर येतो. मीही एकदा एका दुकानातून तो आणला होता. त्यानंतर माझ्या गाडीतली गाणी शेजारच्या गाडीला ऐकू जाऊ लागली, पण तंबोरा मला ऐकू येईना. तिथून पुढे काही वर्षे मी मोजपट्टी, स्वस्तातला मल्टिमीटर आणि ध्वनिशास्त्राची जुनी पुस्तके घेऊन या प्रश्नाच्या मागे लागलो. हाती आलेले उत्तर थोडे अपमानकारक होते: मी जे विकत घेत होतो त्याची गरज फार थोडी होती, आणि ज्याची गरज होती ते दुकानात कोणी विकत नव्हते.

गाडीत संगीत ऐकण्याची हौस आजची नाही. शिकागोच्या गॅल्विन कंपनीने १९३० साली गाडीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. कंपनीनेही पुढे तेच नाव घेतले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर क्रायस्लरने गाडीत चक्क तबकडी वाजवणारे यंत्र बसवून पाहिले. खड्ड्यात सुई उडे, त्यामुळे ते फार टिकले नाही. मग कॅसेट आली, १९८४ मध्ये गाडीतला सीडी प्लेअर आला. या सगळ्या खटपटीत प्रश्न एकच होता: हलत्या गाडीत यंत्र चालवायचे कसे. गाडीच्या आतली जागा ही स्वतःच एक खोली आहे, आणि त्या खोलीसाठी आवाज बेतला पाहिजे, हा विचार पुढे आणणाऱ्यांत अमर बोस यांचे नाव मोठे. बंगालमधून राजकीय कारणाने अमेरिकेत गेलेल्या एका क्रांतिकारकाचा हा मुलगा एमआयटीत प्राध्यापक होता. त्यांच्या कंपनीने जनरल मोटर्सबरोबर केलेली व्यवस्था १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये आली. त्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. घराच्या दिवाणखान्यात कोण कुठे बसेल, पडदे कसे असतील, हे कारखान्याला कळत नाही. गाडीत मात्र काच कुठे, आसन कुठे, ऐकणाऱ्याचे डोके कुठे, हे आधीच ठाऊक असते. म्हणजे गाडी ही वाईट खोली असली तरी ओळखीची खोली आहे.

या खोलीचा पहिला दोष गोंगाट. ताशी ऐंशीच्या वेगाने चालणाऱ्या साध्या गाडीत, काचा बंद ठेवूनही, साधारण ६५ ते ७० डेसिबल गोंगाट असतो. घरच्या निवांत खोलीत तो ३०-४० असतो. ध्वनिमुद्रणातला तंबोरा गायकापेक्षा पुष्कळ खाली ठेवलेला असतो. घरी तो गोंगाटाच्या वर तरंगतो, गाडीत त्याखाली बुडतो. शिवाय गाडीचा गोंगाट खर्जातला असतो. वेगेल आणि लेन या दोघांनी बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत १९२४ साली दाखवले की खालचा जोरदार आवाज आपल्या वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. वरचा आवाज खालच्याला तितका झाकत नाही. आणि तंबोऱ्याची सगळी श्रीमंती वरच आहे. त्याच्या रुंद, किंचित बाकदार घोडीमुळे आणि जवारीच्या दोऱ्यामुळे तारेच्या मूळ स्वरापेक्षा तिचे वरचे स्वरांश भरघोस वाजतात. तार ज्या जागी छेडावी त्यानुसार काही स्वरांश गायब व्हायला हवेत असा पाश्चात्त्य तंतुवाद्यांवरून बांधलेला नियम होता. तंबोऱ्यात ते गायब होत नाहीत, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये नोंदवले. मिरजेच्या कारागिराने तासन् तास खपून जुळवलेले हे स्वरांश रस्त्यावरच्या घरघरीच्या सावलीत दिसेनासे होतात.

इथे एक हिशेब सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टायरच्या पोकळीत कोंडलेली हवा बासरीतल्या हवेसारखीच स्वतःचा एक स्वर धरते. तो स्वर काढायला आवाजाच्या वेगाला पोकळीच्या सरासरी घेराने भागायचे. आपल्याकडे पुष्कळ छोट्या गाड्यांना १७५/६५ आर १४ या मापाचे टायर असतात. बाहेरचा व्यास सुमारे ५८ सेंटिमीटर, रिमचा साडेपस्तीस, सरासरी ४७. म्हणजे घेर सुमारे १४७ सेंटिमीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर उत्तर येते सुमारे २३३ हर्ट्झ. पेटीवर हा स्वर काळी पाच. आपल्या अनेक गायिकांचा षड्ज काळी चार आणि काळी पाच यांच्या आसपास असतो! टायर तापला की आतली हवा तापते आणि स्वर थोडा चढतो, म्हणजे रस्त्यात षड्ज सरकतही राहतो. खडबडीत रस्त्यावर गाडीत जी ‘ऊं’ अशी गुणगुण येते तिच्यात याचा वाटा असतो. गाडीत तंबोरा नसतो असे नाही, चार नको असलेले तंबोरे आधीच लागलेले असतात.

या चार तंबोऱ्यांना गप्प करता येत नाही, पण त्यांचा जोर कमी करता येतो. टायरमध्ये ठरलेल्यापेक्षा जास्त हवा भरण्याची सवय सोडणे हा फुकटचा उपाय. दारांची रबरे कडक झाली असतील तर बदलणे हा थोड्या पैशांचा. टायर बदलायची वेळ आलीच असेल तर कमी आवाजाचे टायर घेणे हा खर्चाचा, पण तो खर्च एरवीही होणारच होता. राहिली दारे आणि गाडीचा तळ. तिथे पत्रा थरथरतो. ब्यूटाइल रबराची, वर अ‍ॅल्युमिनियमची पातळ पाठ असलेली चिकट शीट पत्र्यावर दाबून बसवली की ती थरथर मरते. दुकानदार पत्रा न् पत्रा झाकायला सांगतो, कारण शीट चौरस फुटावर विकली जाते. खरे तर प्रत्येक पत्र्याचा मधला, सर्वांत मोकळा भाग, म्हणजे साधारण पावभर क्षेत्र झाकले तरी बहुतेक काम होते. बोटाच्या पेराने पत्रा वाजवून पाहावा. ‘टण’ ऐवजी ‘ठप’ असे उत्तर आले की पुरे. मऊ फोम मात्र गोंगाट अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागते.

आता वॉटकडे येतो. गाडीच्या टेपच्या खोक्यावर ‘५० वॉट × ४’ असे छापलेले असते. गाडी चालू असताना विजेचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो आणि स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. १४.४ चा वर्ग करा, ४ ने भागा: ५२. खोक्यावरचा आकडा आला कुठून ते कळले. पण हा आकडा तेव्हाच निघतो जेव्हा यंत्र स्वराची गोल लाट कापून तिचे चौकोनी ठोकळे करते, म्हणजे आवाज पूर्ण फाटलेला असतो. स्वच्छ लाट द्यायची तर त्याच दाबात निम्मे, २६ वॉट ही वरची मर्यादा; प्रत्यक्षात हाती येतात वीसच्या आसपास. याला फसवणूक म्हणायचे की प्रथा, ते वाचकांनी ठरवावे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की वीस वॉट कमी नाहीत. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला जवळजवळ दहापट वॉट लागतात.

म्हणून तीन डेसिबल हा या सगळ्या व्यवहारातला रुपया आहे असे मी धरतो. गोंगाट तीन डेसिबलने कमी झाला तर गाण्याला तोच उठाव मिळतो जो अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट करून मिळाला असता. एका मीटरवर एका वॉटला ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० देणारा घेतला तरी तेच. स्पीकरच्या खोक्यावर ही संवेदनशीलता बारीक अक्षरांत दिलेली असते आणि वॉट मोठ्या अक्षरांत. उलटे वाचायला शिकावे.

स्पीकर बसतो दारात, आणि दार हे त्याचे खोके असते. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. ही मागची लाट फिरून पुढच्या लाटेला भेटली की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात; खर्ज सर्वांत जास्त खाल्ला जातो. दाराच्या आतल्या पत्र्याला कारखान्यात मोठमोठी भोके असतात, त्यांवर एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. लाटेला तो अडवणार नाही. तीच ब्यूटाइल शीट, मोठ्या भोकांवर आधी पातळ पत्रा ठेवून, लावली आणि स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी देऊन तो घट्ट आवळला, की डग्ग्याचा घुमारा परत येतो. बायाँवर तळहात सरकवून काढलेली ती मींड, जी आधी नुसते ‘धप’ म्हणून संपत होती, ती वळताना ऐकू येते. माझ्या गाडीत एवढ्या एका कामाने जो फरक पडला तो त्याआधीच्या सगळ्या खरेदीने पडला नव्हता.

मात्र दाराच्या तळाशी बारीक छिद्रे असतात ती बुजवू द्यायची नाहीत. काचेच्या रबरातून पावसाचे पाणी दारात उतरतेच आणि त्या छिद्रांतून निघून जाते. ती बुजली की कोकणातल्या एका पावसाळ्यात दार आतून गंजते. त्याच पाण्याने कागदी पडद्याचे स्पीकर कुजतात. म्हणून दारासाठी पॉलिप्रॉपिलीनच्या पडद्याचे बरे.

गाडीत बसलेला श्रोता कधीच मध्यावर बसत नाही, हा या खोलीचा दुसरा दोष. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे. माझ्या आसनावरून मोजले तर उजवा स्पीकर ८५ सेंटिमीटरवर, डावा १४० वर. पंचावन्न सेंटिमीटरचा फरक आवाज १.६ मिलिसेकंदांत कापतो. एवढ्याशा वेळाने काय होते? हेल्मुट हास यांनी गोटिंगेनला १९४९ च्या आपल्या प्रबंधात याचा अभ्यास केला. दोन ठिकाणांहून एकच आवाज थोड्या अंतराने आला तर कान त्यांचा एकच आवाज करतो आणि तो आधी आलेल्या जागी ठेवतो. मागून येणारा बराच मोठा असला तरी. म्हणजे गायक समोर नसतो, आपल्या उजव्या गुडघ्यापाशी, दाराच्या खिशात पाण्याच्या बाटलीजवळ बसलेला असतो. बॅलन्सचे बटण फिरवून तो फारसा हलत नाही, कारण दोष आवाजाच्या मापात नसून वेळेत आहे.

वेळेचा दुसराही उपद्रव आहे. पंचावन्न सेंटिमीटर ही ज्या लाटेची निम्मी लांबी, तिचे दोन्ही स्पीकरकडून आलेले भाग माझ्या डोक्यापाशी एकमेकांविरुद्ध येतात. हा स्वर सुमारे ३१० हर्ट्झचा. काळी एकच्या गायकाचा तार षड्ज ओलांडला की लगेचच. नेमका जिथे तो चढतो तिथेच गळा हलका पडल्यासारखा वाटतो. कित्येक दिवस मी त्याचा दोष मुद्रणाला देत होतो.

उपाय बहुतेक बऱ्या टेपमध्ये असतोच: ‘टाइम अलाइनमेंट’ किंवा ‘लिसनिंग पोझिशन’ अशा नावाच्या यादीत प्रत्येक स्पीकरचे अंतर भरायचे, मग यंत्र जवळच्या स्पीकरला तेवढे थांबवून धरते. मोजपट्टीने मोजून भरावे आणि मग कानाने थोडे मागेपुढे करावे. परीक्षेला आकाशवाणीच्या काळातले जुने मोनो ध्वनिमुद्रण घ्यावे. मोनोत दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच आवाज असतो, म्हणून गायक बरोबर समोर, डॅशबोर्डच्या वर यायला हवा. तो पसरलेला, कुठेच नसलेला वाटला आणि खर्जही गेला असेल तर एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या आहेत हे नक्की. दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवावा. धन टोक धन तारेला लागले की पडदा बाहेर आला पाहिजे. दुकानातून आलेल्या गाड्यांतही ही चूक सापडते. या सगळ्याची किंमत शेजारच्या आसनाने मोजायची असते, कारण माझ्यासाठी जुळवलेली वेळ डाव्या बाजूला आणखीच बिघडते. आमच्या घरी यावर तोडगा असा निघाला आहे की लांबच्या प्रवासात जुळणी बंद, एकटा असताना चालू.

सबवूफरविषयी माझे मत आता मवाळ झाले आहे. साधारण सत्तर हर्ट्झच्या खाली लाट गाडीच्या लांबीत मावत नाही, आणि बंद गाडीत असा खर्ज आपोआप फुगतो. ख्याल ऐकणाऱ्याला म्हणून आसनाखाली मावणारा लहानसा सबवूफर पुरतो; तोही ८० हर्ट्झच्या खालीच ठेवावा आणि इतका मंद की बंद केल्यावरच तो होता हे कळावे.

अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाच असेल तर दोन गोष्टींवर मी अडून बसेन. त्यावरचा ‘गेन’चा खिळा म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. टेपचा आवाज पाऊण ठेवून, स्पीकर सोडवून, एकसारखा सूर वाजवत मल्टिमीटरने दाब पाहायचा. ५० वॉट आणि ४ ओहम यांचा गुणाकार २००, त्याचे वर्गमूळ १४.१ व्होल्ट, तिथे खिळा थांबवायचा. पुढे नेला की लाट कापली जाते आणि आधी ट्वीटर जळतात. दुसरी गोष्ट आगीची आहे. चारशे वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीने वाजताना बॅटरीतून पस्तीसएक अँपिअर ओढतो, घरातल्या गिझरच्या दोन सॉकेटांपेक्षा जास्त. ‘बारा व्होल्टच तर आहेत’ हे वाक्य इथे कामाचे नाही. तार तापते ती प्रवाहाने. तांब्याचा नुसता मुलामा असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारा तांब्याच्या म्हणून विकल्या जातात, तेव्हा टोक खरवडून आत पांढरे दिसते का ते पाहावे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर-दोन वितींत असायला हवा, डिकीत अ‍ॅम्प्लिफायरजवळ नव्हे. मधल्या तारेचे आवरण पत्र्यावर घासून गेले तर तिला वाचवणारा तोच. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घ्यावे. ते सैल असले की इंजिनाबरोबर चढत जाणारी शिट्टी गाण्यात येते. आणि गाडीच्या मूळ वायरी कोणालाही कापू देऊ नयेत, कपलर मिळतात.

महागड्या उच्च दर्जाच्या फाइली गाडीत वाजवण्याबद्दल विचारणा होते. सत्तर डेसिबल गोंगाटात तो फरक कोणाला ऐकू येत असेल तर त्याने गाडी चालवू नये, मागे बसून ऐकावे.

हे सगळे मी का करत बसलो याचे कारण निव्वळ रसिकता नव्हे. कामाच्या जागी आवाजाची जी मर्यादा अमेरिकेची आरोग्यसंस्था नायॉश सांगते ती ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास. तिथून पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. तोच रुपया, पण इथे तो कानाच्या खात्यातून जातो. सत्तरच्या गोंगाटावर तंबोरा ऐकू यावा म्हणून गायकाला नव्वदीपर्यंत नेणारा माणूस पुणे-मुंबई-पुणे एवढ्या एका फेरीत त्या दिवसाचा वाटा उधळून बसतो. आणि कानातल्या ज्या केसपेशी आधी जातात त्या वरच्या पट्टीच्या. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पन्नाशीत त्या तशाही कमी होत असतात. माझ्या उजव्या कानात रात्री जी बारीक शिट्टी ऐकू येते तिला मी टायरचा दोष देऊ शकत नाही.

माझी परीक्षा अजून तीच आहे. गाडी उभी असताना विलंबित ख्याल लावायचा, गायक घरात गातो तेवढ्या आवाजावर बटण ठेवायचे, मग त्याला हात लावायचा नाही. निघायचे आणि तंबोरा कोणत्या वेगाला जातो ते पाहायचे. पूर्वी तो चाळीसच्या अलीकडेच जात असे. दारे, रबरे आणि टायर झाल्यावर तो साठच्या थोडा पुढेपर्यंत येतो. द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर त्याचा अजूनही काही इलाज नाही. म्हणून एकटा असलो आणि घाई नसली तर परतताना मी जुन्या रस्त्याने येतो. वेग तसाही पन्नासच्या वर जात नाही. डांबर गुळगुळीत असेल तिथे गायक थांबतो आणि मागचा पंचम ऐकू येतो. मध्येच एखादा ट्रक शेजारून जातो, तेवढा वेळ वाट पाहायची.